गाळ्यांची खरी नावं

पहिले तीन आठवडे मी फक्त रंग दिले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जी अक्कल पाजळणार आहे ती किती उशिरा आली ते लक्षात राहील. दापोड्याच्या एका गोदाम कंपनीत मला डेटाबेस आखायला ठेवलं होतं. त्यासाठी एक टूल घेऊन दिलं होतं. त्यात पडद्यावर चौकटी काढायच्या, प्रत्येक चौकटीत कसली माहिती राहणार ते लिहायचं आणि कुठल्या चौकटीचा कुठल्या चौकटीशी संबंध आहे ते रेघांनी जोडायचं. एक चौकट गाळ्यांची, एक मालाची, एक ज्याचा माल त्या पार्टीची, एक ट्रकची. मी मालाची चौकट पोपटी केली. मग ती पार्टीच्या अबोली चौकटीशेजारी भडक दिसायला लागली, म्हणून पार्टी आकाशी केली. मग ट्रकचं काय करायचं या प्रश्नात दोन दिवस गेले.

मी अगदीच अडाणी नव्हते. लग्नाआधी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, ठाण्याला चार वर्षं नोकरीही केली होती. मग मुलगी झाली, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि थोडे दिवस म्हणून घेतलेली सुट्टी बारा वर्षं चालली. कामतघरला आमच्या बिल्डिंगमध्ये या बारा वर्षांत मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला : तू रिकामीच आहेस ना? गॅसवाला येणार आहे, किल्ली ठेवते तुझ्याकडे, तू रिकामीच आहेस ना. आमच्या पिंट्याला शाळेच्या बसमधून उतरवून घेशील, तू रिकामीच आहेस ना. रिकामी राहून राहून माझी कंबर मोडायची वेळ आली होती. नवरा शाळेत शिक्षक, स्वभावाने गरीब. तो हा प्रश्न विचारायचा नाही, फक्त रविवारी इस्त्रीचे कपडे माझ्यासमोर आणून ठेवायचा.

तर ही नोकरी मला हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण पगार आला नसता तरी मी दोन-चार महिने कुणाला कळू दिलं नसतं. सकाळी पर्स खांद्याला लावून रिक्षात बसायचं आणि किल्ली घेऊन दारात उभ्या असलेल्या शेजारणीला सांगायचं, नाही हो, मला ड्युटी आहे. एवढ्या एका वाक्यासाठी मी काहीही केलं असतं.

साहेब मुंबईच्या हेड ऑफिसात बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मॅडम, तीन महिने बघू. गोदामाच्या अकरा एक्सेल शीट आहेत, कुणाचा कुणाला मेळ नाही. त्यांचा एक नीट डेटाबेस आखा. जमलं तर पर्मनंट करतो. नाही जमलं तर हे काम बाहेरच्या कंपनीला देऊ, मग ही पोस्टच राहणार नाही." मी मान डोलावली आणि कामाला लागले, म्हणजे रंग द्यायला लागले.

चौथ्या आठवड्यात साहेब गोदामावर आले. मी तोवर सव्वीस चौकटी केल्या होत्या. नऊ कागदांवर त्यांची प्रिंट काढून, मागून चिकटपट्टी लावून, एवढं मोठं चित्र मी ऑफिसच्या भिंतीवर टांगलं होतं. एकही रेघ दुसऱ्या रेघेवरून जात नव्हती. त्यासाठी मी जे केलं होतं ते दाराशी रांगोळी काढतानाही कधी केलं नव्हतं. साहेब दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. पॅकिंगच्या दोन बायका दारातून डोकावून 'छान हाय गो' म्हणून गेल्या. मग साहेब म्हणाले, "गाळा नंबर आता नुसता आकडा ठेवलाय. त्याच्याआधी एक अक्षर लावायचं ठरलं तर? एका जागी बदललं की सगळीकडे बदलेल ना?"

"हो, बदलेल की," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी बदलून बघितलं. गाळ्याच्या चौकटीत बदललं. बाकी पंचवीस चौकटी ढिम्म. मी सेव्ह केलं, टूल बंद करून परत उघडलं, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. शेवटी मदतीची पानं उघडून वाचायला बसले, जे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तिसऱ्या पानावर कळलं की या टूलमध्ये दोन प्रकारच्या रेघा असतात. एक खरी, जी दोन चौकटींना जोडते आणि एकीतली ओळख दुसरीत आपोआप उतरवते. दुसरी नुसती सजावटीची, चित्रात बाण वगैरे दाखवायला. मी तीन आठवडे सजावटीच्या रेघा ओढल्या होत्या. माझ्या सव्वीस चौकटींमध्ये एकही नातं नव्हतं, सगळ्या नुसत्या शेजारी शेजारी बसल्या होत्या.

मी कपाळाला हात लावला. मग बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले, कारण गोदामात रडायला तेवढी एकच खासगी जागा होती, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी कडी वाजवत होतं.

पुढचे दोन आठवडे मी खरं काम शिकले. ते इतकं सोपं होतं की लाज वाटली. सगळं एका कागदावर मावलंच पाहिजे असा टूलचा काही हट्ट नसतो, तो माझाच होता. मी तुकडे केले : माल आत येतो ते एक पान, माल बाहेर जातो ते दुसरं, पार्ट्यांचं तिसरं. तारीख, नग, वजन यांचे साचे एकदा बनवून ठेवले आणि प्रत्येक चौकटीत तेच वापरले, म्हणजे एका चौकटीत वजन किलोत आणि दुसरीत टनात असा घोळ बंद झाला. चौकटी नीट रांगेत लावायला एक बटण होतं. एक बटण! मी ज्यावर नऊ दिवस घालवले ते काम त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं, आणि माझ्यापेक्षा बरं केलं. सगळ्यात मोठं म्हणजे ज्या अकरा एक्सेल शीट मी हाताने टाइप करत होते, त्या टूल स्वतः वाचू शकत होतं. त्याने शीट वाचून कच्च्या चौकटी काढून दिल्या. माझ्या जुन्या चित्रातलं मी आणि पडद्यावरची पांढरी पार्श्वभूमी एवढंच काय ते उरलं.

सव्वीसच्या चौदा चौकटी झाल्या. रेघा खऱ्या होत्या. रंग एकच, राखाडी. मी स्वतःवर खूश होते. सातव्या आठवड्यात म्हटलं, आता थोडा खरा माल यात घालून बघू.

त्याच दिवशी एका पार्टीचा ट्रक आला, प्रेशर कुकर न्यायला. मी ऐटीत पडद्यावर बघून फोर्कलिफ्टवाल्याला सांगितलं, "कुकर गाला नंबर छह में है." तो आझमगढचा, माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघून गेला. दहा मिनिटांनी परत आला.

"मैडम जी, छह में तो डायपर है."

मी शीट तपासली. शीटमध्ये सहा. माझ्या डेटाबेसात सहा. गाळ्यावर मोठ्ठा निळा सहा रंगवलेला, तो मी स्वतः रोज बघत होते. ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. मी फाइली उपसत होते तेवढ्यात पॅकिंगच्या मावशी पाणी प्यायला आल्या. मावशी म्हणजे पॅकिंगच्या वीस बायकांच्या मुकादम. पन्नाशी उलटलेल्या, जवळच्याच गावातल्या, नऊवारी वर खोचून त्यावर कंपनीचं पिवळं जाकीट घालणाऱ्या.

"काय झालं गो बाय? ते कुकर ना? ते विहिरीच्यात हायत."

"कुठल्या विहिरीच्या?" मी विचारलं. त्या कंपाउंडमध्ये विहीर नव्हती, सिमेंट होतं आणि पत्रे होते.

पण फोर्कलिफ्टवाल्याचा चेहरा उजळला. "अच्छा, कुआँवाले में! पहले बोलना था ना, मैडम जी," असं म्हणून तो सरळ आठ नंबरकडे गेला आणि कुकर घेऊन आला. मी आ वासून बघत राहिले. विहीर त्यानेही कधी पाहिली नव्हती.

कंपाउंडचे मालक शेठ गेटापाशी केबिनमध्ये बसायचे. मी तडक तिकडे गेले. "शेठ, सहा नंबरचा गाळा कुठला?"

"कधीचा सहा, ताई?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते मनापासून विचारत होते. त्यांनी समजावून सांगितलं. पार्टीला मोठा गाळा लागला की मधली भिंत पाडायची, मग चार आणि पाचचा मिळून चार होतो. "मग पाच राहत नाही ना. मधला आकडा गेला की दात पडल्यासारखं दिसतं. नवीन पार्टी जागा बघायला आली की तिचं लक्ष पहिलं तिथंच जातं." म्हणून पेंटर बोलवायचा आणि पुढचे सगळे आकडे एकेकाने मागे सरकवायचे. पार्टी सोडून गेली की भिंत परत बांधायची आणि पेंटर परत. शेठना यात काहीच वावगं वाटत नव्हतं. माझ्या अकरा शीट वेगवेगळ्या वेळी भरलेल्या होत्या. त्यांतला सहा म्हणजे तीन वेगवेगळे गाळे होते.

आता यात चूक माझी का, तर हो, माझीच. माझे वडील कारकून होते, आजोबाही कारकून. आमच्या घरात लिहिलेलं ते खरं आणि तोंडाने सांगितलेलं ते बाजारगप्पा, अशी शिकवण होती. भिंतीवर हातभर उंचीचा आकडा रंगवलाय म्हटल्यावर तो खोटा असू शकतो हे आमच्या रक्तातच नव्हतं. डेटाबेसात प्रत्येक गोष्टीला एक अशी ओळख द्यावी लागते जी दुसऱ्या कुणाची नसते आणि कधीही बदलत नाही. त्याला प्रायमरी की म्हणतात. बाकी सगळं तिच्यावर उभं राहतं. मी ती जागा त्या कंपाउंडमधल्या सगळ्यात जास्त बदलणाऱ्या गोष्टीला दिली होती.

पाच आठवडे उरले होते. रिक्षाने घरी गेले. खाली शेजारीण भेटली. तिने विचारलं, "उद्या रजा आहे का गं तुला? आमचा एसीवाला येणार आहे." मी इतक्या जोरात नाही म्हटलं की ती दचकली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझी प्रिंट घेऊन मावशींकडे गेले. बायका डबे उघडून बसल्या होत्या. सुक्या बोंबलाचा वास सुटला होता. मी कागद पसरला.

मावशींनी चष्मा लावून तो उलटसुलट बघितला. "ह्यो नकाशा हाय?"

"तसाच म्हणा."

"मंग रस्ता कुठं हाय?"

बायका हसल्या. मीही हसले, पण प्रश्न बरोबर होता. त्या कागदावर पार्टी होती, बिल होतं, ट्रकचा नंबर होता, आणि माल ठेवायची जागाच नव्हती, नुसता तिचा आकडा होता. मी कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने कंपाउंडचे गाळे काढले. "मावशी, तुम्ही काय म्हणता याला? आणि याला?"

त्यांनी हात धुतले, साडीला पुसले आणि म्हणाल्या, "बसून काय सांगू? चल."

आम्ही सगळं कंपाउंड फिरलो. मावशी पुढे, मी मागे, हातात कागद. "हितं चिंच होती. हे चिंचेचं. तिथं त्या खांबापर्यंत विहिरीचं. हे राबाचं, हितं आम्ही रोपासाठी राब जाळायचो. ह्या कडंला खळं होतं, हे खळ्याचं. ते लांबडं. आणि ते कोपऱ्यातलं भुताचं."

"भूत होतं?"

"मना काय ठाव? पण बायका तिथं एकट्या जात न्हायत. तुमच्या कंपनीनं तिथंच डायपर ठेवलंत."

ही सगळी गावातल्या लोकांची शेतं होती. गोदामं झाली, पत्रे चढले, चिंच गेली, विहीर बुजवली. पण माल उतरवणारी माणसं त्याच गावची होती आणि ती ज्या जागेला जे म्हणत आली तेच म्हणत राहिली. बाहेरून आलेले हमाल त्यांच्याकडून शिकले. आझमगढवाल्याने त्याचं इमलीवाला, कुआँवाला करून टाकलं. भिंती पडल्या, बांधल्या, पेंटर आला, गेला, पण चिंचेचं हे चिंचेचंच राहिलं. कंपाउंडमध्ये हे ज्यांना ठाऊक नव्हतं असे फक्त ऑफिसात बसणारे आम्ही होतो. आम्ही भिंतीवरचा आकडा लिहायचो आणि ते आमचा आकडा ऐकून, मनात त्याचं शेत करून, माल आणून द्यायचे. ज्या दिवशी जुना आकडा असे त्या दिवशी मावशींना विचारायचे. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाला सांगावंसंही वाटलं नव्हतं.

मी एका ठिकाणी अडले. "मावशी, हा चार नंबर दोन गाळे जोडून झालाय. मग तो राबाचं की चिंचेचं?"

मावशींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "भिंत पाडली म्हणून शेत एक होतं काय गो? अर्धं राबाचं, अर्धं चिंचेचं. तो दोन दिव्यांमधला खांब हाय ना, तिथं बांध होता."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मालाची जागा गाळा नव्हतीच. जागा म्हणजे शेत. गाळा म्हणजे शेतांवर अधूनमधून बदलणारं झाकण, त्याच्या आकड्याला फक्त तारीख लावून ठेवायची : या तारखेपासून या तारखेपर्यंत सहा. मी तिथेच उभ्या उभ्या कागदावर एक नवी चौकट काढली. नाव दिलं, जागा. तिच्यात एकच ओळख, जुनं नाव.

ऑफिसात येऊन मी टूलमध्ये ती चौकट केली आणि खऱ्या रेघांनी जोडली. मालाच्या, ट्रकच्या, आवक-जावकच्या चौकटींतून गाळा नंबर आपोआप गेला आणि जुनं नाव आपोआप आलं. पूर्वीच्या पद्धतीने मला हे करायला महिना लागला असता. आता संध्याकाळच्या चहापर्यंत झालं. चौदाच्या अकरा चौकटी उरल्या. त्या एका साध्या कागदावर मावल्या आणि मला तो भिंतीवर टांगावासाही वाटला नाही. अकरा शीटमधला जुना माल मात्र नव्याने जागेवर लावायचा होता. त्यासाठी मावशी रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास द्यायच्या. मी पार्टीचं नाव वाचायची, मावशी शेताचं नाव सांगायच्या, मी भरायची. तीन आठवडे हे चाललं. या काळात मी सुके बोंबील खायला शिकले, ज्यांना आमच्या घरात कुणी शिवलं नव्हतं. सासूबाईंना अजून माहीत नाही.

त्या दिवसांत मी एक गोष्ट मुद्दाम केली. जुनं नाव रिकामं ठेवायची सोय बंद केली. टूलमध्ये त्यासाठी एक खूण करावी लागते, ती केली की ती जागा भरल्याशिवाय नोंद सेव्हच होत नाही, लाल पट्टी येते. मला भीती होती की उद्या कुणी शहाणा नुसता आकडा टाकून पुढे जाईल आणि पुन्हा कुकरच्या जागी डायपर निघतील. रिकामं काहीही मला चालणार नव्हतं.

बाराव्या आठवड्याच्या शुक्रवारी साहेब आले. त्यांनी एका पार्टीचं नाव उच्चारलं, मी पडद्यावर बघितलं, फोर्कलिफ्टवाल्याला 'इमलीवाले में, तीसरी लाइन' म्हटलं आणि चार मिनिटांत खोका टेबलावर आला. साहेबांनी आणखी तीनदा करून बघितलं. एकदा जुनं, दोन वर्षांपूर्वीचं बिल काढलं. त्यावरच्या मालाची जागाही मिळाली. मग ते पडद्याजवळ आले. "हे 'जुनं नाव' काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी पडद्यावरची यादी खालपर्यंत सरकवली. "हेड ऑफिसला मी काय सांगू? आपला माल भुताच्यात आहे?"

"लोकेशन म्हणा, सर. बाहेरच्या रिपोर्टात तेवढंच दिसतं."

"आणि हे कुणी भरलंच नाही तर?"

"सेव्हच होणार नाही, सर."

त्यांनी स्वतः करून बघितलं. लाल पट्टी आली. "वा," ते म्हणाले. असं 'वा' मला बारा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, अगदी पुरणपोळीलाही नाही. मग त्यांनी बॅगेतून मला पर्मनंट करायचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. "सही करतोच. फक्त एक राहिलं. मागे नवा गाळा होतोय, सोळा. तो आपण घेतलाय. त्याची नोंद दिसू दे, म्हणजे हेड ऑफिसला सांगता येईल की सिस्टीम पूर्ण आहे. सोमवारी येतो, तेव्हा सही."

मी लगेच सोळाची नोंद उघडली. जुनं नाव, रिकामं, लाल पट्टी. त्यात काय मोठंसं, मावशींना विचारायचं, दोन मिनिटांचं काम, असं मला वाटलं.

मावशी पॅकिंगच्या टेबलापाशी नव्हत्या. मागच्या दारात उभ्या होत्या, जिथून ती नवी जागा दिसते. भराव घालून झाला होता, लोखंडी खांब उभे राहिले होते, दोन वेल्डर वर चढले होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"मावशी, ह्याचं नाव काय?"

"कशाचं?"

"ह्या जागेचं. हे शेत कुणाचं होतं?"

"आमचं," त्या म्हणाल्या. "दिरांनी सह्या केल्या. पावसाआधी गेलं."

मला हे ठाऊक नव्हतं. तीन आठवडे त्या माझ्याशेजारी बसून दुसऱ्यांच्या शेतांची नावं सांगत होत्या आणि मी कधी विचारलं नव्हतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर त्याही क्षणी माझ्या डोक्यात लाल पट्टी होती. मी विचारलंच, "मग तुम्ही काय म्हणायचात त्याला?"

मावशी बराच वेळ आठवत राहिल्या. मग हसल्या. "नाव न्हाय गो त्याला. आधी आमची चार होती, तवा सगळ्यांना नावं होती. राबाचं आमचंच. ती गेली. मंग हे एकच राहिलं. एकट्याला नाव कशाला? घरात म्हणायचो, शेतावर जाते. कंच्या शेतावर, असं कोण विचारणार?"

"आधी काहीतरी असेल ना? चार होती तेव्हा?"

"असंल. सासूला ठाव होतं. मना आता आठवत न्हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुझं काम अडलं का? लिही काय पन. पत्र्याचं लिही."

मी टेबलाशी येऊन बसले. पत्र्याचं लिहिणं सहज शक्य होतं. ती खूण काढून टाकणंही शक्य होतं, एका क्लिकचं काम, मग रिकामं चाललं असतं. साहेब नोंद बघणार होते, नाव तपासणार नव्हते. मी बराच वेळ बोटं कीबोर्डवर ठेवून बसले. मग शेत असं लिहिलं आणि सेव्ह केलं. लाल पट्टी गेली.

सोमवारी साहेबांनी यादी वरून खाली वाचली. चिंचेचं, विहिरीचं, राबाचं, खळ्याचं, लांबडं, भुताचं. शेवटी थांबले. "हे काय? शेत? मॅडम, सगळीच शेतं होती ना? कुठलं शेत?"

"एकच उरलं होतं, सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि पत्र ओढून सही केली.

मी पत्र घेऊन पॅकिंगमध्ये गेले. मावशी खोक्यांना पट्ट्या लावत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी हात पुसून तो घेतला, सहीवरून बोट फिरवलं.

"पर्मनंट म्हंजे आता तुला कोण काढू शकत न्हाय ना गो?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुणाचं तरी राहिलं."

कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात परत दिला आणि पुढचा खोका ओढला.